लेकरू रामराम घालतंय

मंठा, शनिवार, ४ जानेवारी २०२५
सकाळच्या बसनं

राधेश्याम,

सव्वीस वर्षं आणि दोन महिने झाले. माझं अक्षर बघून तू पाकीट फाडशील, म्हणून पत्ता प्रेमलाच्या हातून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर चार मिनिटं दे. मी मोठ्यानं वाचून पाहिलं, चारच लागतात. फोन केला असता, पण माझा नंबर तुझ्याकडं लागत नाही आणि तो का लागत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

काल लाडबाईंनी प्रेमलाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. (दोघांच्या बायकांनी आपलं भांडण कधी पाळलंच नाही. तुला ठाऊक नसेल तर आता झालं.) खाली लिहिलं होतं, ‘अद्वैत जै श्रीकृष्णा करने लगा.’ तुझा नातू. पाच महिने सहा दिवसांचा. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.

लेकरू गादीवर उताणं आहे. नुकतंच उठलेलं, कारण गालावर दुपट्याच्या शिवणीचा वळ आहे. एकदम मान छातीकडं येते, दोन्ही हात फेकल्यासारखे पुढं येतात, गुडघे पोटाशी जातात. एका सेकंदात संपतं. अंग ढिलं पडतं. मंग पुन्हा तेच. मागून लाडबाई म्हणून राहिल्या, “ओर कर, ओर कर म्हारा लाल.” आणि बाकीचे हसतात.

मी तो व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला. एकेचाळीस सेकंदांत सहा वेळा झालं. मधलं अंतर घड्याळ लावून मोजलं: सात सेकंद, आठ, सात, साडेसात, आठ. आणि दोन वेळा तर लाडबाई ‘ओर कर’ म्हणायच्या आधीच झालंय. म्हणजे तो त्यांचं ऐकून करत नाही.

मला एक सांग, ज्याला अजून बसता येत नाही त्या लेकराला नमस्कार कुठून कळणार? आणि कळला तरी तो इतक्या मापात करील का? आपण ओळीनं पाच जणांना नमस्कार केला तरी मधलं अंतर सारखं नसतं. आपल्या मर्जीनं जे होतं ते इतकं बराबर होत नाही. दुसरंच कायतरी आतून ते करवून घेतंय.

मला माहिती पाहिजे. झोपेतून उठल्यावरच होतं का? दिवसातून किती खेपा आणि एका खेपेला किती? मधे रडतो का? महिन्याभरापूर्वी तो तोंड बघून हसायचा, असं लाडबाईंनीच कळवल्तं. आता हसतो का? खुळखुळ्याकडं मान वळवतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. उत्तर अंदाजानं देऊ नको, खुळखुळा घेऊन बघ.

लेकराच्या आईला, रूपलला सांग, पुन्हा व्हिडिओ काढ. उजेड पाहिजे, सगळं अंग दिसलं पाहिजे, पांघरूण नको, मधे कुणी मुके घ्यायचे नाहीत. आणि तो व्हिडिओ घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरकडं जा. तिथं ‘जै श्रीकृष्णा करतो’ म्हणू नका. ‘झटके येतात, ओळीनं येतात, झोपेतून उठल्यावर येतात’ असं म्हणा. शब्द चुकला की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो.

मला हे कुठून माहीत ते विचारू नको. वाचलंय.

श्रीपती

ता. क. झटका चालू असताना तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची नाही. लाडबाईंना मी ओळखतो.


मंठा, रविवार, ५ जानेवारी
दुपारच्या बसनं

राधेश्याम,

काल संध्याकाळी निरोप पोचला. लाडबाईंनी फोनवर जसाच्या तसा सांगितला, प्रेमलानं जसाच्या तसा ऐकवला: “मोटारी भरणारा डॉक्टर कधी झाला म्हणावं? त्याला म्हणावं बोअरची मोटर बघ.” पुढं असंही कळलं की लेकराला गॅस आहे, ग्राइप वॉटर चालू केलंय, आणि संक्रांतीला बोरन्हाण आहे, दीडशे लोक सांगितलेत, ते झालं की दाखवू.

मोटारीचं म्हणशील तर मी नववी नापास. खरं आहे. पण वाइंडिंग, मोटारीत तांब्याची तार भरायचं काम, मला कुणी शिकवलं नाही, जळालेल्या मोटारी उकलून एकेक वेढा मोजून शिकलो, आणि आज परतूरपासून लोणारपर्यंतच्या मोटारी माझ्याकडं येतात. न कळणारी गोष्ट बघितली की मला चैन पडत नाही. म्हणून आज सकाळपासून दुकान बंद ठेवून तुझ्या ‘गॅस’चा पिच्छा केला.

आधी वाटलं, लेकरू दचकत असेल. लेकरं दचकतात. मंग आमच्या गल्लीतल्या चतुराबाईकडं गेलो, तिचा नातू तीन महिन्यांचा आहे. पाळण्याजवळ उभा राहून जोरात टाळी वाजवली. त्यानं हात फाकवले, भोकाड पसरलं. मी घड्याळ धरून उभा. पुन्हा होतं का बघून राह्यलो.

चतुराबाई भाकरीच्या पिठाच्या हातानं धावत आली. “भाड्या, वाइंडिंगवाल्या! झोपलेलं लेकरू उठिवलं?”

“मावशी, तीस सेकंद थांबा. पुन्हा दचकतंय का बघतो.”

“पुन्हा दचकंल तर तुझ्या टाळक्यात परात घालीन. मंग तूच दचकशील.”

पण पाहिलंस का? आवाज झाला, एकदा दचकलं, संपलं. कारण दिसतं आणि ओळ लागत नाही. अद्वैतच्या व्हिडिओत आवाज न्हाई, धक्का न्हाई, आणि सहा वेळा. शिवाय दचकताना हात आधी बाहेर जातात आणि लेकरू लगेच रडतं. त्याची मान आधी वाकते. आणि गॅस असता तर लेकरू कुंथलं असतं, लाल झालं असतं, वळवळत राहिलं असतं. हे तसं वळवळणं नाही. बटण दाबल्यासारखं लागतं आणि सुटतं.

तिथून इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांच्या पाण्याची मोटर मी तीनदा भरलीय, त्यामुळं सुटीच्या दिवशीही दार उघडतात. व्हिडिओ दाखवला. ते चहा पीत होते. दुसऱ्या झटक्याला त्यांनी कप खाली ठेवला.

“हे कुणाचं बाळ?”

“मित्राचा नातू.”

“मित्र कुठं आहे?”

“जालन्यात.”

“मग तुम्ही इथं काय करताय?”

मी खिशातली पेन्सिल काढली. 

त्यांनी सांगितलं ते लिहितो. बाळांमध्ये, साधारण तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत, एक फेफऱ्याचा प्रकार असतो. ताप नसतो, तोंडाला फेस नसतो, लेकरू थरथरत नाही, म्हणून घरचे फसतात आणि कधीकधी डॉक्टरही फसतात. दिसायला एवढासा, पण मेंदूत चोवीस तास गोंधळ चालू असतो. त्या गोंधळात लेकरू नवीन शिकायचं थांबतं, शिकलेलं विसरायला लागतं. आधी हसणं जातं. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, ईईजी म्हणतात, झोपेतला आणि उठतानाचा दोन्ही पाहिजे. आलेखात निघालं की त्याच दिवशी औषध. साधं मिरगीचं औषध याला पुरत नाही, वेगळं असतं.

मी विचारलं, “संक्रांतीनंतर नेलं तर?”

ते म्हणाले, “श्रीपतराव, याच्यात दिवस मोजतात. आज नाहीतर उद्या. हा फक्त व्हिडिओ आहे, मी बाळाला पाहिलं नाही, कदाचित काहीच निघणार नाही. तर छानच. पण हे बघायला आठवडाभर थांबायचं नसतं.”

संभाजीनगरला लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर आहेत. नाव, पत्ता, नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. हे डॉक्टर त्यांना स्वतः फोन करून ठेवतो म्हणाले.

‘मित्राचा नातू’ हे माझ्या तोंडातून निघून गेलं. निघालं ते निघालं, परत घेत नाही.

श्रीपती


मंठा, सोमवार, ६ जानेवारी
पहिल्या बसनं, सोबत वही

राधेश्याम,

काल शेवटच्या बसपर्यंत स्टँडवर बसलो. उत्तर नाही. मंग आता ते सांगतो जे विचारू नको म्हणालो होतो.

वाचलंय हे खोटं नाही. पण आधी पाहिलंय, मंग वाचलंय.

सोबतची निळी वही उघड. १९९८. माझंच अक्षर, तेव्हा जरा गोल होतं. जान्हवी सहा महिन्यांची. ‘१२ ऑक्टोबर, आज रामराम सकाळी ९.’ ‘१५ ऑक्टोबर, सकाळी ११, दुपारी ६.’ ‘२० ऑक्टोबर, सकाळी १४. एका दमात!’ ते उद्गारचिन्हही माझंच आहे. आमच्या घरात तुमच्यासारखं जै श्रीकृष्णा नव्हतं, आमची लेक रामराम घालायची. पाहुणे आले की मी तिला झोपेतून उठवायचो, कारण उठल्यावर ती हमखास घालायची. लोक म्हणायचे, श्रीपतीची पोरगी वाकून रामराम घालती, केवढी हुशार. आणि मी वहीत आकडा लिहायचो. अंतरंही मोजली होती, बघ पान चौथं: आठ, सात, आठ. मोजली, आणि असं का होतं हे एकदाही विचारलं नाही. आख्ख्या जन्मात मी एकच गोष्ट अशी पाहिली जिचं कारण शोधलं नाही, आणि ती माझी लेक होती. का, तर तिचं करणं मला आवडत होतं.

तुझं बी-बियाणाचं दुकान तेव्हा इथं मंठ्यात, माझ्या दुकानाला लागून होतं. लाडबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, ये बराबर कोनी, हे ठीक दिसत न्हाई. तू दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाची तरी जीप मागून आणलीस, आमच्या दारात उभी केलीस आणि म्हणालास, “चल, औरंगाबादला दाखवून आणू. डिझेल भरलंय.” प्रेमला लेकराला दुपट्यात गुंडाळून उंबऱ्यापर्यंत आल्ती. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. गल्लीतली वीस माणसं ऐकून राह्यली होती. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात अजून पाळणा नव्हता, आणि मी म्हणालो, “ज्याच्या घरात पाळणा हलला न्हाई त्यानं लेकरांतलं मला शिकवू नये.”

तू जीप मागं घेतलीस. मागं घेताना आमच्या नांदीचा, म्हणजे पाण्याच्या रांजणाचा कान उडाला. तो रांजण अजून तसाच आहे, कानाशिवाय.

आम्ही लेकीला मार्चमध्ये नेलं. पाच महिन्यांनी. तोवर तिचं हसणं गेलं होतं, मान धरायची ती सोडली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी ही वही काढून दिली. खरं सांगतो, जरा ऐटीतच दिली. तारीखवार नोंद आहे म्हणालो. त्यांनी पानं चाळली, वही मिटली आणि माझ्याकडं न बघता प्रेमलाच्या हातात दिली.

लवकर नेलं असतं तर जान्हवी आज बोलली असती का? कुणीच सांगू शकत नाही. काही लेकरांचं मूळ दुखणंच मोठं असतं, वेळेवर नेऊनही सगळं मिळत नाही. हे मी चार डॉक्टरांना विचारलं, चौघांनीही तेच सांगितलं. पण वेळ हातात होती, दारात जीप होती, आणि मी उंबऱ्यात होतो. एवढं मात्र पक्कं माहीत आहे.

आता उंबऱ्यात तू आहेस. तेव्हा चुकलो. त्या शब्दांसाठी मी तुझी आणि लाडबाईंची माफी मागतो, पण ती नंतर दे, न्हाईतर देऊ नको. आज फक्त बाजूला सर.

श्रीपती


मंठा, शुक्रवार, १० जानेवारी

राधेश्याम,

रूपलनं फोन केला. तिनं, स्वतः, प्रेमलाला नाही, मला. “काकाजी, मी रूपल,” म्हणाली, आणि मी उभा राहिलो, फोनवर. तिनं सांगितलं की सोमवारी सकाळी तू वही वाचलीस, गल्ल्यावरून उठलास, आणि घरात येऊन एकच वाक्य बोललास: “गाडी काढा.” बोरन्हाणाचं लाडबाईंनी विचारलं तर म्हणालास, “बोरं कुठं पळून जात न्हाईत.”

आलेखात गोंधळ निघाला, हे ऐकून प्रेमलानं जान्हवीला जवळ ओढलं. माझ्या मनात मात्र, लाज वाटते पण सांगतो, आधी प्रश्न आले. तारा किती होत्या? डोक्यावर लावायला काय वापरलं? झोपवायला किती वेळ लागला? रूपल हसली. एकवीस तारा, चिकट मलम, आणि तू गाडीतलं भजन म्हटलंस तेव्हा कुठं झोपला. तुझा आवाज ऐकून लेकरू झोपलं म्हणजे त्याची सहनशक्ती दांडगी आहे.

स्टेरॉइडचं औषध परवा चालू झालं, हेही कळलं. मी विचारून ठेवलंय. तोंड सुजेल, भूक फार लागेल, चिडचिड करेल, घाबरू नका. रक्तदाब आणि साखर सांगतील तेव्हा तपासायची. या औषधात लेकराला जंतू लवकर धरतात, तेव्हा सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको, दीडशे तर लांबच. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं. आणि एक डोसही आपल्या मनानं चुकवायचा किंवा बंद करायचा नाही, बरं वाटलं तरी. हे एकदम बंद केलेलं शरीराला सोसत नाही.

तू वही घाल. नवीन घे, माझ्या त्या वहीत लिहू नको. रोज किती खेपा, किती झटके, कधी. जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं, ऐकीव नाही, अंदाज नाही. डॉक्टर त्याच्यावर औषध ठरवतात. आकडा आधी वाढलेला दिसेल, कारण तू आता बघायला शिकलास म्हणून.

जान्हवी माझ्या शेजारी बसून आहे. ती तांब्याच्या तारेचे तुकडे लांबीनं लावते, सगळ्यात छोटा डाव्या हाताला. तिला कुणी शिकवलं नाही. सव्वीस वर्षांची झाली. बोलत नाही, पण मोटर चालू करताना आवाजात फरक पडला की माझ्या आधी मान वर करते. दोनदा बेअरिंग गेलेलं तिच्यामुळं सापडलं. हे तुला कळवायचं होतं. कीव नको, फक्त माहिती.

श्रीपती


मंठा, शुक्रवार, २४ जानेवारी

राधेश्याम,

आज दुपारच्या बसनं तुझं पाकीट आलं. ड्रायव्हर म्हणाला, “काका, यावेळी उलटं आलं.” तुझ्या दुकानाच्या पावतीच्या पाठीमागं लिहिलंयस, म्हणजे कागदाची चिंधीगिरी अजून तशीच आहे. सव्वीस वर्षांनी पत्र, आणि त्यात फक्त आकडे. खाली एक ओळ: ‘बराबर आहे का बघ.’

बघितलं. ८ जानेवारी, ४३. ९ ला ५१. १० ला ३८. ११ ला २२. १२ ला ९. १३ ला ३. १४, संक्रांत, शून्य. १५ शून्य, १६ शून्य. आणि तिथून २३ पर्यंत शून्य, शून्य, शून्य. प्रत्येक शून्य तू गोल काढलंयस, शाळेतल्यासारखं, घाई न करता. मी मोजपट्टी काढली नाही. पण तेवढ्यासाठी हात शिवशिवले.

दुसरा आलेख परवा काढला आणि तो पुष्कळ निवळलाय, हे रूपलनं सांगितलं. डॉक्टर अजून ‘बरा झाला’ म्हणत नाहीत. तेही बराबर आहे. औषध हळूहळू कमी करायचंय, कारण काय ते शोधायचंय, तो कधी बसतो, कधी पालथा होतो हे बघायचंय. झटके परत येऊ शकतात. वही बंद करू नको. पण काल सकाळी त्यानं खुळखुळ्याकडं मान वळवली आणि तुझी मिशी ओढली, हे तिनं दोनदा सांगितलं, आणि मी दोनदाही ऐकून घेतलं. एरवी मला एकच गोष्ट दोनदा ऐकायला आवडत नाही.

आता चूक. तुझ्या यादीत १७ तारीख नाही. १६ नंतर एकदम १८ आहे. लाडबाईंना विचारून शून्य टाकता आलं असतं. तू टाकलं नाहीस, म्हणजे त्या दिवशी तू स्वतः लेकराला पाहिलं नाहीस, घरी नव्हतास. अशा दिवसांत तू घर सोडून कुठं गेलास याचा मी बसून विचार केला.

मंग माझी वही काढली. दुकानाची, रोजची. १७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी दहा पन्नासपासून अकरा दहापर्यंत दुकानासमोर, लिंबाखाली, पांढरी गाडी उभी. काचा वर. कुणी उतरलं नाही. जालन्याचं पासिंग, नंबर टिपलेला आहे. जान्हवी तार लावायची सोडून तिकडं बघून हसत होती, मी म्हणालो, काय गं, ती हसतच राहिली. मी उठेपर्यंत गाडी निघून गेली. तेव्हा वाटलं, कुणी मोटर दाखवायला आलं असंल आणि भाव विचारायला लाजलं.

१९९८ ला तू दारात आलास आणि मी आत घेतलं नाही. यावेळी तू दारात आलास आणि उतरला नाहीस. फिट्टंफाट झाली.

पुढच्या वेळी गाडी लिंबाखाली लावू नको, वर पाखरं बसतात. सरळ दारापर्यंत आण. रांजण मी कडेला सरकवून ठेवलाय.

श्रीपती